सहा अक्षरांचा मेंढा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे हसलेलं मला खपत नाही. गोष्ट माझ्याच फजितीची आहे, आणि ती मीच सांगणार. दुसऱ्यानं सांगितली की तिखटमीठ लागतं. आमच्या हिच्या तोंडून तर ती दर दिवाळीला वीतभर वाढत गेलीय.

मी वाल्मीक. मुळशीतल्या माले गावचा पहिला मॅट्रिक. इंग्रजीत शंभरापैकी बासष्ट, आणि हे मी कुणी न विचारताही सांगायचो. एकोणीसशे अठ्ठावन्न साली मी पौडला मास्तर होतो. तेव्हा इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. रोज सायकल हाणत जायचो, संध्याकाळी घामाघूम परत यायचो, पण गावात शिरताना चढ असला तरी सायकलवरून उतरायचो नाही. मास्तर सायकल ढकलत आला तर तो मास्तर कसला!

गावात तार आली की आधी बायका रडायला लागायच्या, मग ती माझ्याकडं यायची, मग कळायचं की मुंबईला कुणाला तरी मुलगा झालाय. नोटिशी, औषधाच्या बाटलीतले कागद, सगळं माझ्या ओट्यावर. त्यामुळं मी फुगलो होतो, हे कबूल.

आता माझा नियम सांगतो, कारण सगळा घोळ त्यानंच घातला. इंग्रजीत एकाच गोष्टीला दोन-दोन, तीन-तीन शब्द. पोरं विचारायची, गुरुजी, कुठला कुठं वापरायचा? मी लई विचार करून एक किल्ली काढली होती. आपल्या मराठीत बघा. 'ये' म्हटलं की पोराला, 'या' म्हटलं की पाहुण्याला, आणि 'यावे' म्हटलं की लग्नपत्रिकेत. शब्द लांबला की मान वाढला. मग इंग्रज काय आभाळातून पडलाय? 'आस्क' म्हणजे नुसतं विचारणं, 'रिक्वेस्ट' म्हणजे विनंती. 'हाऊस' म्हणजे तुमचं-आमचं घर, 'रेसिडेन्स' म्हणजे साहेबाचं. 'बिगिन' आपल्याला, 'कमेन्स' कलेक्टरला. दोन शब्दांत अडलात तर लांब शब्द घ्या, आणि सरकारी कागदावर तर डोळे मिटून घ्या, असं मी वर्गात सांगायचो. माझे अर्ज याच नियमानं लिहिलेले असायचे आणि मंजूरही व्हायचे. कशामुळं व्हायचे ते देव जाणे, श्रेय मी घ्यायचो.

धुळाजी धनगर मूळचा भरे गावचा. पावसाळाभर तो मेंढरं घेऊन तिकडच्या माळावर असायचा, कारण आमच्याकडच्या पावसात मेंढरांचे खूर सडतात. भातं निघाली की तो, त्याची बायको बानूबाई आणि साठ-सत्तर मेंढरं मालेत यायची आणि रात्री आमच्या खाचरांत बसायची. लेंडीखत आमच्या रानाला, तांदूळ त्यांच्या पोटाला, हे माझ्या आजोबांपासून चालत आलेलं. मग ताम्हिणीचा घाट उतरून कोकणात, आणि शिमग्याला पुन्हा वर आमच्याकडं, मृगापर्यंत.

त्या वर्षी घाट चढताना त्याचा एकुलता एक एडका पाय घसरून दरीत गेला. एडका म्हणजे कळपाचा नवरदेव. मृगाला तो मेंढ्यांत असला तर कार्तिकात कोकरं, नसला तर सगळा कळप वर्षभर रिकामा. उसना मागावा तर प्रत्येक धनगराला आपला एडका नेमका त्याच दिवसांत लागतो. त्यात आदल्या दोन वर्षांत रोगानं धुळाजीची निम्मी मेंढरं नेलेली.

"औंदा कोकरं न्हाई आली तर कळप मोडावा लागंल, मास्तर," तो माझ्या ओट्यावर टेकत म्हणाला. "मंग मी काय करू? मला मेंढराबिगर दुसरं येतंय काय?"

 बानूबाई मागं पदराचं टोक पिळत उभी राहिली.

मी म्हटलं, "काळजी कशाला करता? मी बसलोय ना."

पुण्याच्या सरकारी मेंढी खात्याकडून चांगल्या जातीची जनावरं धनगरांना फुकट मिळतात, अशी नोटीस चावडीवर लागली होती. तिचा छापील फॉर्म मी आणलाच होता. चष्मा पुसला, दौत उघडली. अंगणात आमच्या आबांचा, म्हणजे वडिलांचा, तोफ्या बांधलेला होता. तोफ्या मेंढ्यांच्या टकरीचा. दोन वर्षं जत्रेत त्याच्यापुढं कुणी टिकलं नव्हतं, आणि पुढच्या चैत्रात जिंकला की चांदीचं कडं. आबा त्याला अंडी आणि हरभरा चारायचे, मला कोरडी भाकरी. माणसानं त्याच्या दाव्याच्या टप्प्यात जायची सोय नव्हती. ओट्यावर बसून आबा तंबाखू मळत माझं लिहिणं बघत होते.

"एडका लिव्हा हां मास्तर," धुळाजी म्हणाला. "एडकाच."

"अहो, एडका काय नि मेंढा काय, नर तो नर."

"न्हाई मास्तर," बानूबाई पहिल्यांदाच बोलली. "त्यात लई फरक हाय. मेंढा म्हंजी..."

"बानूबाई, इंग्रजीतलं मला सांगू नका!" मी खेकसलो. ती बिचारी मागं सरकली. आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

फॉर्मात तीन शब्द छापले होते, नको ते खोडायचे. एक मादीचा, तो मला ठाऊक होता, खोडला. राहिले दोन. 'रॅम' आणि 'वेदर', हवामानातलं नव्हे, ह्याचं स्पेलिंग वेगळं. दोन्ही नराचेच असणार. शाळेच्या कपाटात डिक्शनरी होती, पण डिक्शनरी ज्याला येत नाही त्याला लागते, असं माझं तेव्हाचं मत. मी इंग्रजी अक्षरं मोजली. रॅमची तीन, वेदरची सहा. झालं! तीन अक्षरांचा तो आपल्या गावठी मेंढ्यासारखा, सहा अक्षरांचा तो सरकारी, भारदस्त. रॅमवर फुली मारली, आणि वेदरच्या पुढं सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'ऑफ सुपीरियर क्वालिटी'. खाली धुळाजीचा अंगठा घेतला.

"झालं काम," मी म्हटलं. "असा येईल की बघत राहाल."

आला तो तसाच. मृगाला तेरा दिवस उरले होते. ताम्हिणीकडं जाणारा सरकारी ट्रक मालेच्या रस्त्यावर थांबला आणि फळीवरून एक पांढराशुभ्र, गुबगुबीत, वासराएवढा मेंढा सावकाश खाली उतरला. अख्खा गाव गोळा झाला होता. धुळाजीनं त्याच्या पाठीवर भंडारा उधळला, बानूबाईनं ओवाळायला ताट आणलं. माझ्या अंगणात मी छोटंसं भाषण केलं. "ह्याला म्हणतात वेदर," मी म्हटलं. "साधा रॅम नव्हे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नव्या पाहुण्यानं मोठी जांभई दिली आणि चालत चालत थेट तोफ्याच्या टप्प्यात गेला.

"आरं धरा! धरा त्येला!" आबा ओरडले. "मारंल की त्यो!"

तोफ्यानं मान खाली घातली. लोक दोन पावलं मागं सरले. तोफ्यानं पाहुण्याला एकदा पुढून हुंगलं, एकदा मागून हुंगलं, आणि परत आपल्या हरभऱ्यात तोंड घातलं.

"आं?" आबा म्हणाले. "ह्यो गप कसा ऱ्हायला?"

बानूबाई ओवाळायला वाकली होती. वाकल्या वाकल्या तिची नजर जिथं जायची तिथं गेली. ताटातलं निरांजन थरथरायला लागलं. तिनं पदर तोंडात कोंबला, तरी खांदे हलतच होते. शेवटी ती आमच्या हिच्या, म्हणजे लीलाबाईच्या, कानाशी लागली. आणि आमची ही! गावभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अवं, ह्यो तर बडवलेला हाय!"

शहरातल्यांसाठी सांगतो. बैल बडवतात तसाच मेंढाही बडवतात, खच्ची करतात. मग तो शांत होतो, अंगानं भरतो, लोकर छान देतो. फक्त नवरदेव म्हणून त्याचा उपयोग नाही. पुण्याहून सरकारी ट्रकनं आम्ही आणला होता तो असा.

गाव जे हसला ते विचारू नका. बाया पोट धरून खाली बसल्या. आबा तर इतके हसले की त्यांना ठसका लागून पाणी द्यावं लागलं. मी ओरडत होतो, "सरकारची चूक आहे! मी सोडणार नाही!" कुणी ऐकेना.

हसला नाही तो एकटा धुळाजी. तो त्या मेंढ्याच्या शेजारी उकिडवा बसला होता, त्याच्या मानेवरून हात फिरवत. "जनावर ब्येस हाय," तो हळूच म्हणाला. "पर तेराच दिस ऱ्हायल्यात." आणि मान खाली घातली. 

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीनं मी धुळाजीला घेऊन पुण्याला गेलो. वाटेत मी भांडणाची इंग्रजी वाक्यं जुळवत होतो, सगळी लांब शब्दांची. खात्याचे साहेब म्हणजे साधा माणूस निघाला. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा मागवला, मला पुरतं ओरडू दिलं. मग फाईल काढून माझाच अर्ज माझ्यापुढं ठेवला.

"अक्षर सुरेख आहे तुमचं," ते म्हणाले. "रॅम पैदाशीसाठी. वेदर खच्ची केलेला, लोकरीसाठी. तुम्ही रॅम खोडून वेदर ठेवलाय, वर लिहिलंय चांगल्यातला पाठवा. मी मुद्दाम निवडून पाठवला."

बासष्ट मार्क कुठं गेले ते मला कळेना.  साहेबांनी फॉर्मच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं बारीक छापलेलं होतं: अर्ज मराठीतही चालेल.

"रॅम सगळे वाटून झाले. आता पुढच्या वर्षी," ते म्हणाले. मग धुळाजीकडं वळले. "तुमच्यात काय म्हणतात हो वेगवेगळं?"

धुळाजी आधी लाजला, मग सुरू झाला. जन्मलं ते कोकरू. दूध सुटलं की हलवान. मग दुदाती, चौदाती, दातांवरून. नर ठेवला तर एडका, बडवला तर मेंढा. मादी गाभण, मादी भाकड. तो बोटांवर मोजत होता आणि साहेब वहीत उतरवून घेत होते. मी मास्तर, समोर बसून चहाच्या कपातली माशी बघत होतो.

"गुरुजी," साहेब हसून म्हणाले, "यांना विचारलं असतंत तरी भागलं असतं."

मी तोंड उघडायच्या आत धुळाजी म्हणाला, "न्हाई सायेब. मास्तरांची काय बी चूक न्हाई. मीच नीट सांगितलं न्हाई."

ऐकलंत? त्याचा कळप मोडायला आला होता, आणि तो माझी अब्रू झाकत होता! त्यानं मला चार शिव्या घातल्या असत्या तर मीही चार घातल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. त्या एका वाक्यानं मात्र मला एस्टीत नीट बसवेना. पौड गेलं तरी मला बोलायला शब्द सुचला नाही, लांबही नाही आणि आखूडही नाही.

घरी आलो, अंगणात पाय ठेवला, आणि समोर तोफ्या. मान ताठ, शिंगं तेल लावलेली, डोळे लाल.

मी जागच्या जागी थांबलो. सरकारच्या दारात जाऊन मागत होतो ते माझ्या दारात हरभरा खात बांधलेलं होतं. आम्ही त्याला तोफ्या म्हणायचो, पैलवान म्हणायचो. पण तो होता एडका! अस्सल, नखशिखांत एडका.

लीलाबाई दारातून म्हणाली, "काय झालं? काखेत कळसा गावाला वळसा, व्हय?" तिला आधीपासून कळलं होतं. नवऱ्याला सांगायचं नाही, त्यानं आपटायची वाट बघायची, ही तिची रीत.

मी धुळाजीला म्हटलं, "तुम्हाला नाही सुचलं हे?"

"सुचलं की," तो म्हणाला. "पर टकरीचा एडका मागायचा नसतोय, मास्तर. तसा रिवाज न्हाई."

रिवाज होताच. टकरीच्या एडक्याला मेंढी दाखवत नाहीत. एकदा संसारात पडला की त्याची टक्कर जाते असं म्हणतात. मी ओट्यावर आबांपुढं जाऊन बसलो आणि तोफ्या धुळाजीला द्या म्हटलं, मृगापुरता.

आबांची तंबाखू हातातच राहिली. "तोफ्या? आरं त्यो पैलवान हाय! दोन वर्सं त्येला पोटच्या पोरावानी खाऊ घातलंय. तिसरी जत्रा समोर हाय. आन् तू त्येचं लगीन लावतूस?"

"पावसाळ्यापुरताच, आबा."

"पावसाळ्यापुरतं लगीन आस्तंय काय? मी न्हाई देनार. ज्येनं घान क्येली त्येनं निस्तरावी. सरकारची चूक, सरकारकडं जा. तूच बोंबलत व्हतास न्हवं काल?"

मी धुळाजीकडं बघितलं. तो उठला होता, जायच्या तयारीत, घोंगडी खांद्यावर. बानूबाई अंगणाच्या कडेला उभी होती. शेजारपाजारचे दहा-बारा लोक होते. मी उठून उभा राहिलो.

"सरकारची चूक नाही," मी म्हटलं. "चूक माझी. मला तो शब्द ठाऊक नव्हता. ही माणसं सांगत होती, मी ऐकलं नाही."

 आबांनी कानामागं हात लावला.

"काय म्हनलास?"

"चूक माझी, आबा."

"ह्या कानानं कमी ऐकाया येतंय. जरा जोरात म्हन."

"चूक माझी!" मी ओरडलो. "मला येत नव्हतं! मी न विचारता लिहिलं!"

आबांनी लीलाबाईकडं बघितलं, शेजाऱ्यांकडं बघितलं, मग आभाळाकडं बघितलं. "मॅट्रिक झाल्यापास्नं पयल्यांदा," ते म्हणाले. "धा वर्सं झाली. मला वाटलं हे आयकायच्या आत मी मरतूय." आणि उठले, खुंट्याशी गेले, दावं सोडलं. दावं धुळाजीच्या हातात देताना त्यांचे डोळे भरले होते. "सांबाळून न्या रं माज्या लेकराला. आन् त्येला अंडं लागतंय सकाळचं, सांगून ठिवतो!"

धुळाजीनं आबांचे पाय धरले. मग माझ्याकडं वळला, आणि मी मागं सरलो, कारण पाय धरायची पाळी खरं तर माझी होती. बानूबाई मात्र माझ्याकडं बघून खुदकन हसली. त्या हसण्यानं मी निम्मा हलका झालो.

जून उजाडला, शाळा उघडली. पहिल्या तासाला मी वर्गात सांगितलं की लांब शब्दाचा नियम रद्द. पोरांनी कारण विचारलं. सांगितलं नाही. पण कारण पौडच्या बाजारातनं आधीच शाळेत पोचलं होतं, हे त्यांच्या तोंडांवरून दिसत होतं. त्या दिवसापासून डिक्शनरी कपाटातून माझ्या टेबलावर आली.

पोळ्याला तोफ्या घरी आला. अंग भरलेलं, नजर निवलेली. आबांनी त्याला शेजारच्या गावच्या एका एडक्यासमोर उभं करून बघितलं. तोफ्यानं समोरच्याला हुंगलं आणि भरे गाव ज्या दिशेला आहे तिकडं तोंड करून आर्त ओरडला. "गेला," आबा म्हणाले. "परपंचात गेला." चांदीच्या कड्याला रामराम. पण रोज सकाळचं अंडं काही त्यांनी बंद केलं नाही.

तो सरकारी वेदर धुळाजीकडंच राहिला. धुळाजीनं त्याच्या गळ्यात घंटा बांधली. शांत जनावर, कशाला बुजायचं नाही, चुकायचं नाही. भातं निघाल्यावर कळप मालेला आला तेव्हा तो सगळ्यात पुढं, घंटा वाजवत, आणि मेंढ्या त्याच्या मागं रांगेनं. "ह्यो असता तर माजा एडका दरीत गेला नसता," धुळाजी म्हणाला. मी डिक्शनरीत बघितलं. घंटा बांधलेल्या अशा मेंढ्याला इंग्रजांकडंही वेगळा शब्द आहे. पण तो मी कुणाला सांगितला नाही. धुळाजीकडं मेंढा होता, शब्दाची त्याला गरज नव्हती.

कार्तिकातली सकाळ. दव पडलेलं, खाचरांवर धुकं. मी सायकल पुसत होतो तेवढ्यात बानूबाई जवळजवळ पळतच अंगणात आली, पदराखाली काहीतरी धरून.

"मास्तर! आलं!"

पदरातून काढलं ते ओलं, काळंपांढरं, थरथरणारं. कान तोफ्याचे, कपाळ तोफ्याचं. कळपातलं पहिलं. आबा आतून धावत आले, "बगू बगू, माजं नातवंड!" लीलाबाई कोमट पाणी घेऊन आली. मागून धुळाजी, दाढी वाढलेला, रात्रभर जागा, तोंडभर हसत. "आजून चौदा गाभण हायेत," तो म्हणाला. "कळप ऱ्हायला, मास्तर. कळप ऱ्हायला माजा."

बानूबाईच्या डोळ्यांत खट्याळपणा चमकला. "ह्येला इंग्रजीत काय म्हंत्यात वो, मास्तर?"

मला शब्द ठाऊक होता. जिभेवर होता, चारच अक्षरांचा. पण मी तो गिळला आणि म्हटलं, "आधी तुम्ही सांगा. तुमच्यात आत्ता ह्याला काय म्हणतात?"

"नाव मागनं," ती म्हणाली, आणि ते ओलं कोकरू सरळ माझ्या इस्त्रीच्या सदऱ्यावर ठेवलं. "आदी पोटाशी धरा. गारठलंय ते."

मी धरलं. शाळेला उशीर झाला.